तांती मळके कपडे का चोरते?

तांती चोर आहे, याबद्दल ऊर्वीची खात्रीच पटली होती. कोडं एवढंच होतं, की तिला आईचे मळके कपडेच का हवे होते? दवाखान्यातल्या त्या खोलीत उशाशी आईची पर्स होती, खिडकीत पिकलेले आंबे होते. तिकडे ढुंकूनही न बघता ही यंत्रबाई बाळंतिणीच्या अंगाखालचे रक्ताचे कपडे तेवढे उचलायची, पोटातल्या कप्प्यात टाकायची आणि चाकांवरून गुपचूप निघून जायची.

ऊर्वीचं घर त्रिनिदादमध्ये होतं. त्रिनिदाद हे कॅरिबियन समुद्रातलं एक छोटंसं बेट. ऊर्वीचे बाबा तिथे समुद्रातल्या गॅसच्या विहिरीवर इंजिनिअर होते आणि वादळामुळे नेमके त्या विहिरीवरच अडकले होते. आणि आज सकाळीच ऊर्वीला भाऊ झाला होता, तोही सिझेरियन करून (म्हणजे पोटावर छेद देऊन बाळ बाहेर काढून). बाळंतपणासाठी कराडहून शालनमावशी आली होती. इथल्या बोलीत तांती म्हणजे मावशीच, पण या दोन मावश्यांचं पहिल्या भेटीतच बिनसलं होतं.

"आणखी कपडे आहेत?" तांतीने स्वच्छ मराठीत विचारलं. तिला बऱ्याच भाषा यायच्या.

"नाहीत गं बाई. किती वेळा सांगू?"

तांती गेली आणि थोड्या वेळाने परत येऊन पुन्हा तेच विचारू लागली.

"डोळ्यात कॅमेरा घेऊन फिरते मेली!" मावशी ऊर्वीच्या कानात पुटपुटली. "लक्ष ठेव गं हिच्यावर." मग तिने आईच्या कानांवरचा स्कार्फ घट्ट केला आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"थंडी वाजतेय, शालू. आणि पाणी दे ना," आई डोळे न उघडताच म्हणाली.

"ओली बाळंतीण तू, थंडी वाजणारच," मावशी म्हणाली.

ऊर्वी तडक तक्रार घेऊन आजांकडे गेली. आजा म्हणजे डॉक्टर रामकिसून. त्यांचे पूर्वज फार पूर्वी भारतातून इथे आलेले, म्हणून आजोबांना इथेही आजाच म्हणतात. आईचं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं आणि तांतीही त्यांनीच बनवली होती.

"तुमची तांती रक्त विकते का?" ऊर्वीने सरळच विचारलं.

आजा हसले नाहीत. "संशय घेतलास, चांगलं केलंस. आता तो तपासू या. जरा तोंड फिरव."

त्यांच्या टेबलावर लाल अंबाडीच्या बोंडांच्या सरबताने भरलेला जग होता. ऊर्वीने वळून पाहिलं, तेव्हा एका जाड कापडावर लाल डाग पसरला होता.

"किती सांडलं असेल?"

"अर्धा कप."

आजांनी कापड वजनकाट्यावर ठेवलं. ओल्या कापडाच्या वजनातून कोरड्याचं वजन वजा केलं. "आता बघ. सरबत काय, रक्त काय, एक मिलिलिटरचं वजन साधारण एक ग्रॅम. हे पाचशे ग्रॅम, म्हणजे दोन कप झाले."

"शक्यच नाही!"

त्यांनी रिकामा जग तिच्यापुढे धरला. "कापड पिऊन टाकतं आणि डोळा फसतो. इतकी ऑपरेशनं करूनही माझा फसतो. म्हणून तांती प्रत्येक कापडाचं वजन करते."

ऊर्वीचं समाधान झालं नाही. "पण खूप रक्त गेलं तर कळेलच की! आईचा रक्तदाब मशीनवर दिसतो. तो ठीक आहे."

"तिथेही फसगत आहे. बाळ बाहेर आलं, की गर्भाशय (बाळाची पिशवी) मुठीसारखं आवळलं जायला हवं. नाही आवळलं, तर आतल्या रक्तवाहिन्या उघड्याच राहतात आणि रक्त वाहत राहतं. पण तरुण शरीर हे लपवतं. हृदय जोरात धावतं, हातापायांकडचं रक्त आत ओढून घेतलं जातं. रक्तदाब बराच वेळ ठीक दिसतो आणि मग एकदम कोसळतो. त्याआधी हात गार पडतात, थंडी वाजते, तहान लागते."

आई तर थंडी वाजतेय म्हणाली होती, पाणीही मागत होती! "मग तांती सारखं 'आणखी आहेत?' असं का विचारते?"

"तिलाही संशय आहे. जेवढे कपडे दिले तेवढे परत आलेले नाहीत, असा तिचा निरोप आत्ताच आलाय. मीही आता तिकडेच निघालोय."

मावशी पदराआड काहीतरी धरून बाथरूममध्ये जाताना ऊर्वीने पाहिली होती. दाराआडची काळी पिशवीही पाहिली होती. ती आजांच्या पुढे धावत सुटली.

"मावशी, ती पिशवी दे!"

"हळू बोल! बाळंतिणीचं असलं काही चारचौघांत दाखवतात का? पुरुषमाणसं येतात-जातात. मी नंतर टाकून देईन."

"आधी आईचा हात धरून बघ!"

मावशीने पांघरुणाखाली हात घातला आणि तिचा चेहराच उतरला. तिने धावत जाऊन पिशवी आणली आणि स्वतः तांतीच्या पोटात रिकामी केली.

"एकूण रक्त एक लिटरच्या वर," तांती म्हणाली आणि तिच्या कपाळावरचा लाल दिवा पेटला.

आजा पोहोचलेच होते. ते टाके सांभाळत आईचं पोट चोळून गर्भाशय आवळायला लावू लागले. नर्सनी शिरेतून औषध दिलं, रक्ताची पिशवी लावली. ऊर्वी आणि मावशी बाळाला घेऊन बाहेर बसल्या. मावशी हुंदके देत होती. ऊर्वीला तिचा भयंकर राग आला होता, आणि तरी तिने मावशीचा पदर घट्ट धरून ठेवला होता.

आजा घाम पुसत बाहेर आले. "आवळलं गर्भाशय! रक्त थांबलं. आणखी उशीर झाला असता, तर कठीण होतं." ऊर्वीला तेव्हा कुठे रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी आजा सांगत होते, की डोंगरातल्या लहान दवाखान्यांतही आता एकेक तांती जाणार आहे. तिथे 'थोडंच गेलंय' म्हणता म्हणता कितीतरी आया दगावल्या होत्या. मावशी लगेच म्हणाली, "एक आमच्या कराडलाही द्या की."

ऊर्वी मात्र तांतीकडे डोळे बारीक करून बघत होती. "आजा, हिचाच काटा चुकीचा असला तर?"

उत्तराची वाट न बघता तिने मापाने मोजून एक लिटर पाणी पिशवीत भरलं आणि तांतीच्या पोटात ठेवलं. "पिशवीचं वजन वजा कर," तिने बजावलं.

"एक हजार ग्रॅम," तांती म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "आणखी आहे?"

"अगं, हसवू नका गं मला," पलंगावरून आई म्हणाली, "टाके दुखतात." ऊर्वीने जाऊन तिचा हात धरला. हात उबदार होता.