सांगायचा अधिकार

जेवणं उरकली होती. मामा ओट्याजवळ स्टूल ओढून बसला होता आणि दोघी भाच्या भांडी पुसत होत्या. मोठीची दुसऱ्या दिवशी पहिली ड्यूटी होती, अ‍ॅम्ब्युलन्सवर, पॅरामेडिक म्हणून. मामानं तीस वर्षं अ‍ॅम्ब्युलन्स चालवली होती, त्यामुळे कौतुक त्यालाच जास्त होतं. पण तो ते तोंडावर दाखवणाऱ्यांतला नव्हता.

"नियमावली पाठ केलीस?" त्यानं विचारलं.

"कधीच. काय करायचं त्याची दहा पानं, काय करायचं नाही त्याची चाळीस."

"आमच्यात एक होता. त्याची शेवटापासून सुरुवातीपर्यंत पाठ होती."

"झालं," धाकटी म्हणाली. "रात्री मामानं 'आमच्यात एक होता' म्हटलं, की पुढे भूत येतंच."

"भूत म्हण, नाहीतर आणखी काही म्हण. घडलेलं आहे." मामानं पाण्याचा तांब्या जवळ घेतला. "ऐकायचं असेल तर ती ताटं वाजवू नकोस."

त्या माणसाला सगळे कलमराव म्हणायचे. उठसूट नियमावलीचं कलम सांगायचा म्हणून. आधी असा नव्हता. या गोष्टीच्या दोन वर्षं आधी एका ट्रॅक्टरखाली सापडलेल्या माणसाच्या छातीत हवा कोंडली होती. त्यानं छातीत सुई घालून ती मोकळी केली. माणूस वाचला. पण ही सुई घालायची तर पॅरामेडिकला फोनवर डॉक्टरांची परवानगी लागते, आणि फोन लागत नव्हता. सहा महिने घरी बसवलं त्याला. परत घेताना कागदावर सही घेतली : पुन्हा असं घडल्यास परवाना कायमचा रद्द. घरात म्हातारी आई, शाळेत जाणारी मुलगी, आणि या माणसाला दुसरं काही येत नव्हतं. तेव्हापासून नियमावली त्याच्या खिशात असे आणि तो कुणाच्या अंगाला हात लावण्याआधी आपल्या खिशाला हात लावी.

डिसेंबरची नऊ तारीख. मंगळवार संपून बुधवार लागला होता. एका आजीबाईंना दवाखान्यातून घरी पोचवायचं साधं काम होतं. आजीबाईंनी दोघांना चहा घेतल्याशिवाय हलू दिलं नाही. परत निघाले तेव्हा ड्रायव्हरनं गाडीत गाणं लावलं आणि कलमरावनं ते बंद केलं.

"कलम कितवं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"कलम नाही. गाणं वाईट आहे."

"तो ड्रायव्हर म्हणजे तूच ना, मामा?" धाकटीनं विचारलं.

"ड्रायव्हर म्हणजे ड्रायव्हर. ऐक."

एक वाजून दहा मिनिटांनी कंट्रोल रूमचा निरोप आला. शहराबाहेरच्या वळणरस्त्यावर जो लांब बोगदा आहे, त्यात एक बस बंद पडलेल्या ट्रकवर आदळून रस्त्यात आडवी उभी राहिली होती. आत पस्तीस-चाळीस माणसं. सगळ्यात जवळ हीच गाडी होती. बाकीच्या गाड्यांना पाऊण तास तरी लागणार होता.

बोगद्याच्या तोंडापाशी ट्रकच ट्रक तुंबले होते. गाडी आत जाईना. बोगद्यात फोन चालत नव्हता, वायरलेसही नाही. मग ठरलं की ड्रायव्हरनं तोंडाशी थांबून कंट्रोलशी बोलायचं आणि कलमरावनं पिशवी घेऊन आत जायचं.

"आधी आपत्ती जाहीर करायला सांग," कलमराव म्हणाला. "एकदा जाहीर झाली की सुई घालायला दर वेळी परवानगी लागत नाही. जाहीर होईपर्यंत माझे हात बांधलेले."

ड्रायव्हरनं सांगितलं. कंट्रोल म्हणालं, साहेबांना उठवतोय.

बोगद्याच्या भिंतीवर ठरावीक अंतरावर आकडे लिहिले होते. तोंडाशी एक. बस सातपाशी होती. मध्ये एक वळण, त्यामुळे आतून तोंड दिसत नव्हतं आणि हाकही पोचत नव्हती. पिवळे दिवे. काचांचा चुरा. कुठेतरी एक हॉर्न अडकून बसला होता, तो थोड्या वेळानं आपोआप थांबला.

इतकी माणसं एकदम जखमी झाली की उपचार नंतर, आधी निवड. प्रत्येकाच्या मनगटाला रंगीत टॅग बांधायचा. चालू शकतो त्याला हिरवा, थांबू शकतो त्याला पिवळा, तातडीचा असेल त्याला लाल. आणि ज्याचा श्वास बंद आहे, मान सरळ करूनही सुरू होत नाही, त्याला काळा. काळ्या टॅगवर 'श्वास नाही' एवढंच छापलेलं असतं आणि पुढे वेळ लिहायची. 'मृत' हा शब्द त्यावर नसतो. तो शब्द लिहायचा, किंवा नुसता तोंडानं उच्चारायचा, अधिकार फक्त डॉक्टरांना.

"कलम एकोणीस," मोठी हळूच म्हणाली.

"तेच."

हिरव्या टॅगवाल्यांना त्यानं बोगद्याबाहेर पाठवलं. पिवळ्यांना भिंतीशी बसवलं. काळे टॅग सहा झाले. सहावा एका बाईंना, खिडकीजवळच्या सीटवर. पन्नाशीच्या असतील. चष्मा एका कानावर लटकत होता. त्यानं टॅगवर वेळ लिहिली, एक वाजून एकेचाळीस, चष्मा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पुढच्या सीटकडे वळला.

तिथे कॉलेजची एक मुलगी होती. लाल. श्वास उथळ, मानेच्या शिरा फुगलेल्या, ओठ काळवंडत चाललेले. छातीची एक बाजू हलतच नव्हती. कान लावायची गरज नव्हती. हे त्यानं ट्रॅक्टरखाली पाहिलं होतं.

सुई पिशवीत होती. पिशवी मांडीवर होती. त्याचा हात खिशाकडे गेला.

"दोन मिनिटं," तो मुलीला म्हणाला. "परवानगी घेऊन आलोच."

तो बसमधून उतरला. मागून आवाज आला.

"भाऊ, जरा विचारायचं होतं."

अगदी साधा आवाज. बँकेच्या खिडकीशी एखाद्या बाई विचारतात तसा. तो घाईत होता. त्यानं मान वळवली नाही.

"बोला."

"माझं काय झालं?"

"ते मला सांगायचा अधिकार नाही, ताई. डॉक्टर येतील, ते सांगतील."

"बरं. मग थांबते मी."

तो चार पावलं गेला. मग थांबला. हिरवे सगळे बाहेर होते... पिवळे भिंतीशी होते... मग ही कोण?

त्यानं मागे पाहिलं. बाई बसच्या दाराशी उभ्या होत्या. चष्मा हातात. मनगटावर काळा टॅग.

मामा थांबला. तांब्यातून घोटभर पाणी प्यायला. धाकटीनं हातातलं ताट आवाज न करता खाली ठेवलं.

"थकला असेल तो," मोठी म्हणाली. "पहिल्यांदा चुकून टॅग बांधला असेल. असं होतं."

"त्यालाही तसंच वाटलं. तो परत गेला. बाई सीटवर होत्या. होत्या तशाच. नाडी बघितली. नव्हती. चष्मा मांडीवर नव्हता."

कलमराव तोंडाच्या दिशेनं निघाला. सहा. पाच. चार. पाय भरभर टाकत होता. वळण आलं, गेलं. आकडा दिसला. चार. त्याला वाटलं नजरचूक झाली. पुढे गेला. चार.

भिंतीला लागून माणसं उभी होती. रांगेत. कुणी ढकलत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ. एक नवराबायको, एकमेकांना चिकटून. एक जाडा माणूस. एक पोरसवदा मजूर. आणि पुढे त्या बाई.

"डॉक्टर आले का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग आम्ही काय करायचं?"

तो बाजूनं निघाला, पळतच. दिवे मागे जात होते. आकडा आला.

चार.

"भाऊ," म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आम्ही अडवत नाही तुम्हाला. पण कुणी सांगितल्याशिवाय आम्हाला जाता येत नाही. आणि आम्ही इथं असलो की... तुम्हालाही जाता येत नाही, असं दिसतंय."

तिकडे ती मुलगी. दोन मिनिटं म्हणाला होता. पंधरा तरी झाली असतील.

त्यानं खिशावर हात ठेवला. मग काढला.

"ताई," तो म्हणाला. "तुम्ही गेलात. एक वाजून एकेचाळीस मिनिटांनी."

बाईंनी मान हलवली. "असं होय," म्हणाल्या. चष्मा डोळ्यांवर चढवला. आणि मग तिथे नुसती भिंत होती.

म्हाताऱ्यांना सांगितलं. ते "बरं झालं" म्हणाले. नवराबायकोला एकदमच सांगितलं. मजुराला सांगितलं. त्यानं फक्त कलमरावच्या खांद्यावर हात ठेवला. हात थंड नव्हता. कसलाच नव्हता. शेवटी तो जाडा माणूस. तो म्हणाला, "माहीत होतं मला. पण कुणी तोंडानं म्हणत नाही तोवर बरं वाटतं हो."

सहाही गेले.

तो पळाला. तीन. दोन. पुढे बोगद्याचं तोंड, बाहेर गाडीचा निळा दिवा फिरत होता. दिव्याखाली ड्रायव्हर, हातात वायरलेस. दहा पावलं. फार तर बारा.

आकडा एकपाशी, भिंतीला टेकून, कुणीतरी उभं होतं.

सातवं.

ती मुलगी. मनगटावर टॅग. लाल.

"दादा," तिनं विचारलं. "मी?"

सहा जणांना सांगून त्याच्या जिभेला वळण पडलं होतं. तोंड उघडलं होतं. 'तू' एवढं बाहेरही पडलं.

"तू..."

ती त्याच्याकडे बघत होती. वाट बघत होती. ते सहा जण बघत होते तशीच.

"तुझं सांगायचा मला अधिकार नाही," तो म्हणाला. "इतक्यात कुणालाच नाही. जा माघारी. मी आलो."

आणि तो वळला. परवानगी दहा पावलांवर होती, ती तिथंच सोडून तो आत पळाला. ड्रायव्हरनं हे डोळ्यांनी पाहिलं. कलमराव धावत आला, रिकाम्या भिंतीशी दोन शब्द बोलला, आणि उलटा पळत सुटला. ड्रायव्हर हाका मारत राहिला.

दोन वाजून चार मिनिटांनी त्यानं मुलीच्या छातीत सुई घातली. हवा फुस्स करून बाहेर पडली. छातीची मेलेली बाजू वर उचलली गेली. तिनं डोळे उघडले.

दोन वाजून अकरा मिनिटांनी आपत्ती जाहीर झाली.

"सात मिनिटं," मोठी म्हणाली.

"सात मिनिटं."

"मग? चौकशी समितीनं काय केलं?"

"समिती काय करणार. कागद समोर होता. सही त्याची होती."

चौकशी तीन आठवड्यांनी झाली. टेबलाच्या पलीकडे तीन डॉक्टर, अलीकडे कलमराव, साक्षीला ड्रायव्हर. मुलगी बरी होऊन घरी गेली होती. तिच्या वडिलांनी पत्र दिलं होतं, ते फाइलला लावलं गेलं. सुईची गोष्ट दहा मिनिटांत संपली. विचारलं, परवानगी होती? तो नाही म्हणाला. परवाना कायमचा रद्द. ऐकताना त्याचा चेहरा हलला नाही. ड्रायव्हरचा हलला.

मग मुख्य डॉक्टरांनी एक पाकीट उघडलं आणि सहा काळे टॅग टेबलावर ओळीनं मांडले.

"हे काय आहे?"

सगळ्यांवर 'श्वास नाही', पुढे जाड मार्करनं वेळ. ते कलमरावचं अक्षर. त्याखाली, प्रत्येकावर, आणखी एक शब्द होता.

समजलं.

सहा टॅग, सहा वेगळी अक्षरं. एक निळ्या पेनानं. एक पेन्सिलीनं. एक थरथरत्या हाताचं. दोन एकमेकांशी मिळतीजुळती. मजुराच्या टॅगवर तो शब्द लहान मुलानं काढावा तसा, अक्षर अक्षर सुटं.

"तुम्ही यांच्या नातेवाइकांना मृत्यू सांगितला? डॉक्टर येण्याआधी?"

"नातेवाइकांना नाही, सर."

"मग कुणाला?"

कलमरावनं टॅगांकडे पाहिलं.

"ज्यांचा होता त्यांना," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. एका डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

त्या दिवशी त्या चष्म्याच्या बाईंचा मुलगा आईचं सामान न्यायला आला होता. शिपायानं त्याला चुकून चौकशीच्याच खोलीत पाठवलं. तो दारात उभा राहून माफी मागत होता, तेवढ्यात त्याची नजर टेबलावर गेली. तो पुढे आला. टॅगला हात लावायचा नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं उचलला.

"आईचं अक्षर," तो म्हणाला. "अनुस्वार ती असाच द्यायची, टिंब न देता रेघ ओढल्यासारखा. तिचं बघून मीही तसाच द्यायचो, शाळेत मला त्यावरून मार बसायचा." त्यानं टॅग उलटा केला, परत सुलटा केला. वेळ वाचली. मग वर पाहिलं, एकेकाकडे.

"हे तिनं कधी लिहिलं?"

खोलीत तीन डॉक्टर होते. तिघेही टेबलाकडे बघत राहिले.