पारापाशी अडकलेला नांगर

सकाळी तुळजा घागर घेऊन उतरली, तर तिचा पाणवठाच कुणीतरी अडवलेला! पांढऱ्या शिडाची एक होडी दगडांना आडवी लागलेली, आणि आत एक बाप्या खुशाल झोपलेला.

"ओ पाव्हनं! घागर काय तुमच्या डोक्यावर बुडवू?"

तो धडपडत उठला. आधी पाणी पाहिलं, मग तिला... आणि मग पाण्याकडे बघायचं राहूनच गेलं.

"रात्री वारा सुटला, बाय. नांगर घसरला. तुमच्या धरणाचा तळ म्हणजे नुसतं लोणी, काय धरतच नाय." होडी जागेवर धरून ठेवणारा लोखंडी आकडा त्यानं वर उचलून दाखवला. गाळानं माखलेला.

हा कोंडाजी, रेवदंड्याकडचा. मुंबईच्या कुणा हौशी साहेबाची होडी लॉरीतून मुळशीला आली होती. साहेब दिवसा फिरे, रात्री बंगल्यावर झोपे. होडीत झोपायला कोंडाजी.

अंगणातून तुळजाची सासू, धोंडाबाई, ओरडली, "मारुतीच्या पारापाशी टाक म्हनावं त्याला! तितं दगूड हाय!"

जुनं गाव धरणात बुडून पंचविसेक वर्षं झाली होती, तरी म्हातारी पाण्याकडे हात करून आळ्या दाखवायची. तिचा लेक वारल्यापासून घरात माणसं दोन उरली होती आणि बोलणं एकाचंही नव्हतं.

कोंडाजीनं पारापाशी नांगर टाकला. दुसरा दोर तुळजाच्या उंबराला.

"झाड आमचं हाय," ती म्हणाली. "भाडं पडंल. रोज दोन घागरी भरायच्या."

"आणि भाकरी?"

"ते घागरी बगून ठरवू."

साहेब लवकरच कंटाळला. 'नांगर उचल, की लॉरी पाठवतो' म्हणून मुंबईला गेला. ते ऐकून तुळजानं त्या दिवशी तवा उगाच जोरात आपटला. पण दुसऱ्या सकाळी कोंडाजी अंगणात उभा, तोंड पाडून.

"अडकला. पाराच्या दगडात. विलायती नांगर, टाकून तर जाता येत नाय."

"मंग?"

"पाणी उतरेपर्यंत बसायचं..."

तो बसला. तिसरी भाकरी थापायची तुळजाच्या हाताला सवय लागली. पाणी मात्र रोज थोडं थोडं मागे सरत होतं. गाळपेरीला जमीन निघतेय म्हणून सगळा गाव खूश, आणि ही रोज काठावरचा ओला पट्टा पावलांनी मोजत होती.

"आमचा समुद्र पण उतरतो," एकदा कोंडाजी म्हणाला. "पण त्याच दिवशी परत येतो."

"हितलं न्हाई येत," ती म्हणाली. "मानसंबी न्हाई येत."

चैत्रात एसटीच्या कंडक्टरबरोबर साहेबाचा निरोप आला: फार झालं, दोर कापून टाक, उद्या लॉरी येतेय.

लॉरीच्या दिवशी पार उघडा पडला होता. शेंदूर धुतलेला, गाळानं राखाडी. तुळजा साडी वर खोचून भेगाळल्या जमिनीवरून तिकडे निघाली. माणसाला इतके दिवस धरून ठेवणारा तो दगड एकदा बघायचा होता तिला.

"बाय, थांबा! पाय रुतेल!" कोंडाजी मागून धावला. "जाऊ नका तिकडं..."

ती पोचली होती. नांगर पारापासून चांगला लांब, उघड्यावर, कुशीवर पडला होता. कशातच अडकलेला नव्हता. होडी इतके दिवस धरली होती ती उंबराच्या दोरानं.

"कवापास्नं?"

कोंडाजी मान खाली घालून. "पहिल्यापासूनच."

"आन् आमाला सांगितलंत..."

"सुटलाय म्हटलं असतं, तर जावं लागलं असतं, तुळजाबाय." पहिल्यांदाच त्यानं तिचं नाव घेतलं. "लॉरी येईल आता. रागवा, पण—"

ती वाकली, दोन्ही हातांनी नांगर धरला आणि ओढू लागली. तो मदतीला सरसावला, तर तिनं डोळ्यांनीच त्याला जागेवर उभं केलं. अडखळत, धापा टाकत तिनं तो पारापर्यंत नेला, त्याचं टोक दोन चिऱ्यांच्या फटीत घातलं आणि वरून टाचेनं ठोकलं.

"बगा, हालतोय का."

कोंडाजीनं दोर ओढला. मग जोर लावून ओढला. त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"नाय हलत."

"मंग आता खोटं न्हाई." तिनं कपाळावरचा गाळ पुसला, तो आणखीच पसरला. "लॉरीत साहेबाची होडी चढवून द्या. नांगर अडकलाय म्हनावं. आन् लवकर परत या— आजच्या दोन घागरी ऱ्हायल्यात."