ब्रेकवरचा पाय

त्या दिवशी दुपारी मी ब्रेक ऑईलची बाटली आणायला गेलो होतो. गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आमच्या घरापासून चालत जाण्याएवढं जवळ आहे. बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता दुकानदाराने सवयीने विचारलं, "वहिनी नाही आल्या आज?" आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्याने खाली मान घालून तीच बाटली आणखी एका कागदात गुंडाळली.

"नाही," मी म्हटलं. "एकटाच आहे."

ही गेली त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

पिकअप आम्ही एका रोपवाटिकेच्या मागच्या आवारातून आणली होती. गोल बॉनेटची, जुनी, वर्षानुवर्षं उभी. मागच्या हौद्यात माती साचून त्यात कमरेएवढं गवत माजलं होतं. रोपवाटिकेचा मालक म्हणाला, "गाडी नेताय की बाग?" मी जरा बिचकलो. बायकोने मात्र गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप दिली आणि म्हणाली, "घेऊन टाका हो. निवृत्तीनंतर माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड करण्यापेक्षा हिच्या पोटात शिरलेलं बरं."

घराला लागून पत्र्याची शेड होती. तिथे आम्ही गाडी खोलायला घेतली. मी आयुष्यभर कचेरीत नकाशे काढले. स्क्रू कुठून निघाला हे कागदावर टिपून ठेवण्यात माझा निम्मा वेळ जाई. ती तसलं काही करत नसे. तिच्या लक्षात राहायचं. सीटचं कव्हर तिने घरच्या मशीनवर शिवलं आणि सुया मोडल्या तेव्हा मलाच बोलली. रंगावरून तर आम्ही आठवडाभर अबोला धरला होता. मला निळा हवा होता. तिने दारावरचा रंग खरवडला, एकाखाली एक थर निघत गेले आणि सगळ्यांत खाली हिरवा निघाला. "बघा," ती म्हणाली, "गाडीचंही मत माझ्याच बाजूने आहे." गाडी हिरवी झाली.

ब्रेकमधली हवा काढणं हे एकट्याचं काम नाही. एकाने वर बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने गाडीखाली झोपून चाकामागचं छोटं निपल पान्याने सैल करायचं. तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात. मग निपल घट्ट करायचं आणि त्यानंतरच वरच्याने पाय उचलायचा. पाय आधी उचलला तर हवा परत आत शिरते आणि सगळी मेहनत पाण्यात. चारही चाकांना हेच, पुन्हा पुन्हा.

मी खाली, ती वर, हे ठरलेलंच होतं. ती चपला काढून अनवाणी बसायची. मी "दाब" म्हणालो की "दाबलं", "धर" म्हणालो की "धरलं". पाय अवघडला की दुसऱ्या पायाने केबिनच्या पत्र्यावर दोनदा ठोकायची. ठक ठक. म्हणजे आटपा. माझी खोड अशी की निपल पुरतं घट्ट व्हायच्या आतच मी "सोड" म्हणून मोकळा व्हायचो. त्यापायी एक अख्खा दिवस वाया गेला, तेव्हा तिने नियम केला.

"तुमच्या तोंडावर माझा विश्वास नाही. निपल बंद झालं की पान्याने चाकाच्या ड्रमवर दोनदा वाजवायचं. आवाज ऐकला की पाय काढीन. नाही तर जन्मभर अशीच बसून राहीन, मग बसा बोंबलत."

ब्रेकचे पाइप गळायला लागले म्हणून नवे आणायला मी गेलो होतो, तेव्हाच ती गेली. परत आलो तर सीटवर बसलेली होती, डोकं स्टिअरिंगला टेकलेलं. मला वाटलं, डुलकी लागली. पाइप जागच्या जागी ठेवून, हात धुऊन मग मी हाक मारली. डॉक्टर म्हणाले, हृदय. क्षणाचंही काम नव्हतं, म्हणाले.

गाडी तशीच राहिली. मग लेकीचा फोन यायला लागला. ती दुसऱ्या गावी नोकरी करते.

"बाबा, गाडी पूर्ण कर. मी शनिवारी येते. पहिली फेरी मी मारणार, हे आईशी ठरलंय माझं."

"ब्रेक राहिलेत. नवे पाइप बसवलेत, हवा काढायची राहिलीय."

"मग कर ना. वेल्डरकाकांना बोलव मदतीला."

गाडीचा कुजलेला तळ कापून नवा पत्रा ज्याने बसवला, तो वेल्डर त्या दुपारी येतो म्हणाला होता. मी दुकानातून परतलो तेव्हा धुळीचा वारा सुटला होता. वेल्डरचा फोन आला, "साहेब, या वाऱ्यात नाही निघत. उद्या येतो." मी शटर खाली ओढलं. शेडमध्ये गंज, रंग आणि ब्रेक ऑईलचा गोडसर, नाकात बसणारा वास होता. पत्र्यावर धूळ चरचरत होती. तारेचा दिवा घेऊन मी गाडीखाली सरकलो. म्हटलं, निपल तरी पुसून ठेवू.

निपलला नळी लावली, नळीचं टोक बाटलीत सोडलं, पाना चढवून निपल सैल केलं. हात आपोआप चालत होते. आणि तोंडही. मी म्हणालो, "दाब."

नळीतून तेल उसळलं.

मी बघत राहिलो. नुसतं निपल उघडलं तर तेल थेंबथेंब गळतं, हे मला ठाऊक आहे. हे तसं नव्हतं. जोर लावून आलं होतं, बुडबुड्यांसकट. मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला होता. पेडल दाबलं की मागचे ब्रेकचे दिवे लागतात, त्यांचा. मी निपल घट्ट केलं.

"धर..." मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

लाल उजेड हलला नाही. मग डोक्यावरच्या पत्र्यावर, हळूच... ठक ठक.

मी पान्याने ड्रमवर दोनदा वाजवलं. वर पेडलची स्प्रिंग कुरकुरली. भिंत अंधारली.

बाहेर येऊन केबिनचं दार उघडलं. कोणी नव्हतं. तिने शिवलेली सीट, तिच्यावर बारीक धुळीचा थर, कुठेही न मोडलेला. पेडलचं रबर मात्र पुसल्यासारखं स्वच्छ.

घाबरायला हवं होतं. मी घाबरलो नाही. मला रडू आलं, आणि ते ओसरल्यावर मी पुन्हा गाडीखाली गेलो.

दुसऱ्या दिवशी वेल्डर आला, त्याला मी दारातूनच परत पाठवलं. संध्याकाळपर्यंत चारही चाकं झाली. नळीतून आता एकही बुडबुडा येत नव्हता. काम संपलं होतं. तरी त्यापुढच्या दिवशी मी पुन्हा बाटली आणायला गेलो. त्यापुढच्याही. दुकानदार गमतीने म्हणाला, "साहेब, ब्रेक ऑईल पिताय की काय?"

मी दिवसभराचं सगळं साठवून ठेवायचो आणि गाडीखाली पडून सांगायचो. दुधाची पिशवी फुटली. तुझ्या बहिणीचा फोन आला होता, तुझ्यासारखंच बोलते, शेवटी हुंदका देते. वरून शब्द कधी येत नसे. "दाबलं" नाही की "धरलं" नाही. फक्त भिंतीवर लाल उजेड, आणि ठक ठक. मला तेवढं पुरत होतं.

पण ती ठकठक दिवसेंदिवस लवकर यायला लागली. आधी मी बरंच बोलून झाल्यावर येई. मग "धर" म्हणताच. शुक्रवारी तर मी तोंड उघडायच्या आतच सुरू झाली आणि थांबेना. ठक ठक. ठक ठक. पाय अवघडलेल्या माणसाची असते तशी. लेक उद्या येणार होती. वेल्डर तपासणार, गाडी रस्त्यावर जाणार, मग गाडीखाली झोपायला मला काय निमित्त उरणार होतं? निपल बंद करून मी पाना हातात घेतला. ड्रमवर दोनदा वाजवायचं, एवढंच होतं. हात उठेना.

"थोडं धर," मी म्हणालो. "एवढी आजची रात्र."

ठकठक थांबली. मी पाना तसाच जमिनीवर ठेवला आणि घरात गेलो. जाताना मागे वळून पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी लेक आली. पांढरे कॅनव्हासचे बूट, केस वर बांधलेले, आईसारखेच. शटर उघडलं तशी ओरडली, "हिरवी! आई जिंकली तर!" मी काही बोलायच्या आत ती दार उघडून चढलीसुद्धा.

"बाबा, दिवे चालू ठेवलेस रात्रभर? मागे लाल दिसतंय."

"उतर," मी म्हणालो.

"थांब रे, आईसारखं ब्रेक दाबून बघते. तू खाली जा, म्हण दाब." ती हसली. मग हसणं थांबलं. "बाबा, हे पेडल खालीच आहे."

"पाय लावू नकोस. उतर आधी."

"लावलाय की. वर येत नाहीये... अडकलंय काही तरी..." तिने गुडघा ओढला. पुन्हा ओढला. "बाबा, पाय निघत नाहीये."

मी धावलो. दारातून वाकून पाहिलं. तिचा बूट पेडलवर सपाट दाबला गेला होता आणि वरचं कापड आत चेपलं होतं. वर काही नव्हतं. मी दोन्ही हातांनी तिचं पाऊल धरून ओढलं. माझे हात गार पडले. तो गारठा माझा नव्हता.

"बाबा, दुखतंय... कोणी तरी..."

"सोड," मी म्हणालो. मग ओरडलो, "सोड, अगं लेक आहे ती आपली... सोड!"

काही हललं नाही. लेक माझ्याकडे बघत होती, मी कुणाशी बोलतोय हे न कळून. तिचे ओठ पांढरे पडले होते. आणि मला आठवलं, माझ्या तोंडावर हिचा विश्वास नव्हता.

मी जमिनीवर पालथा पडलो, सरपटत चाकाशी गेलो. पाना हाताला लागेना. काल कुठे ठेवला तेच आठवेना. वर लेक विव्हळत होती. अखेर बोटं लोखंडावर पडली. निपल बंदच होतं. मी तरीही एकदा आवळलं. मग ड्रमवर दोनदा वाजवलं.

क्षणभर काहीच नाही. मग स्प्रिंग कुरकुरली. लेक दारातून बाहेर कोसळल्याचा आवाज आला.

मी तिला उचलून घरात नेलं. खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. पायाचं हाड शाबूत होतं. "आई होती का रे?" तिने विचारलं. तिच्या आवाजात भीती होती, आणि आणखीही काही होतं. तेच माझ्यातही होतं, आठवडाभर. मी मान हलवली. हो म्हणून.

मग मी तिच्या बुटाची नाडी सोडायला खाली बसलो.

पांढऱ्या कापडावर ठसा होता. ब्रेक ऑईलने काळा, ओलसर. अनवाणी पावलाचा, पाचही बोटं स्पष्ट. तिच्या पायावर पाय ठेवून कोणी पेडल दाबलं होतं. मी तो ठसा बराच वेळ बघत राहिलो. सीटवर बसून पाय दिला, तर बोटं पुढे असतात, बुटाच्या टोकाकडे. ही बोटं लेकीच्या घोट्याकडे होती. टाच बुटाच्या टोकाकडे. म्हणजे ज्याने पाय ठेवला, ते सीटवर बसलेलं नव्हतं. ते समोर होतं, इंजिनाच्या बाजूला, जिथे लोखंडाशिवाय कशालाच जागा नाही. लेकीकडे तोंड करून.

लेकीला मी ते सांगितलं नाही. बूट धुऊन टाकले.

त्याच दिवशी गाडीची बॅटरी काढली, शटरला कुलूप लावलं आणि लेकीबरोबर तिच्या घरी आलो. बॅटरी इथेच आहे, तिच्या बाल्कनीत, गोणपाटाखाली. आठवडाभर काही झालं नाही. मग आमच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. संध्याकाळी शेडवरून जाताना त्यांना शटरखालून लाल उजेड दिसला होता. आत पत्रा वाजतोय, म्हणाल्या, मांजर कोंडलंय का?

"दोनदा वाजतो आणि थांबतो," त्या म्हणाल्या. "मग पुन्हा दोनदा."

मी बघतो म्हणालो. पाना माझ्या पिशवीत आहे. जाऊन वाजवायचं तेवढंच. तो पाय हिचा असेल, तर मी तिला असं ताटकळत ठेवता कामा नये. आणि हिचा नसेल, तर वाजवून मी कुणाला मोकळं करणार, हे मला कळत नाही.

काकूंचा काल पुन्हा फोन येऊन गेला. ठकठक आता थांबत नाही, म्हणाल्या.