अक्कांचा त्रिशंकू

भडगावात फेब्रुवारीतच दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा वेळी सकीना शेजारघराच्या भिंतीला पाठ लावून व्याकरण घोकायची, कारण घरात तेवढी एकच भिंत गार असायची. मराठीत तिने दोनदा गटांगळी खाल्ली होती. यंदाही दहावी सुटली नाही, तर मोहल्ल्यातल्या अंगणवाडीतली मदतनिसाची जागा दुसरीला जाणार होती, आणि ती जागा तिला जिवापाड हवी होती.

‘जमदग्नी : अतिशय रागीट माणूस.’ पुस्तक एवढं सांगून गप्प. आता हा कोण, कुठला, कोणी सांगायचं?

“एवढा राग कशाचा याला?” ती पुटपुटली.

“राजा त्यानी गाय लई गया. मंग राग येई नही तं काय?” भिंतीपलीकडून कोणी म्हणालं.

आवाज लीलाबाई अक्कांचा होता. शाळेत शुद्ध मराठी शिकवायच्या आणि घरी अहिराणी बोलायच्या, त्या शेजारच्या अक्का. पण त्या तर दिवाळीतच वारल्या होत्या, घराला तेव्हापासून कुलूप. सकीना पुस्तक तिथेच टाकून पळाली. रात्रभर तिने विचार केला... भूत झाली तरी मास्तरीणच ती, शिकवल्यावाचून राहील कशी? दुसऱ्या दुपारी ती परत तिथेच बसली.

मग घटोत्कच आला, शकुनीमामा आला, भगीरथ आला. प्रत्येकाची गोष्ट भिंतीतून यायची आणि तिच्याबरोबर ओल्या खडूचा वास. सकीनाचा अक्कांवर जीव जडला.

अडलं ते त्रिशंकूपाशी.

“अक्का, पुस्तकात लिहिलंय, ना इकडचा ना तिकडचा. मधेच लटकलेला.”

खडूचा वास दाटत गेला.

“खोटं शे ते,” अक्का हळूच म्हणाल्या. “तो पोचना, बेटा... पोचनाच.” स्वर्गात पोचला? पुस्तक तर नाही म्हणत होतं.

परीक्षेत नेमका त्रिशंकूच आला. सकीनाने मन घट्ट करून पुस्तकातलं उत्तर लिहिलं. जूनमध्ये ती पास झाली आणि आधी भिंतीशी धावली.

“अक्का, झाले पास. तुमच्यामुळे.”

“शाब्बास. तू त्रिशंकूबद्दल काय लिखं?”

सकीनाला भरून आलं. जिने आपल्याला तारलं, तिचं मन एका शब्दासाठी कशाला मोडायचं?

“पोचला, असं लिहिलं, अक्का.”

पलीकडे कोणीतरी लांब सुस्कारा सोडला. सुटल्या बिचाऱ्या, म्हणत सकीनाने ओढणीने डोळे टिपले आणि ती चहा ठेवायला उठली.

“मन्हाकरता बी टाक घोटभर...”

आवाज भिंतीच्या अलीकडे होता, चुलीपाशी.