पंधरा माणसांत एक नाही

कल्पिता खरं तर घरच्यांच्या जहाजसहलीच्या तिकिटांचा लिफाफा तेवढा घ्यायला आली होती. टेंभी नाक्यावरच्या त्या ट्रॅव्हल ऑफिसात घाईघाईत तिने चुकीचं दार ढकललं, आणि समोर खुर्च्यांवर बसलेली चाळीस माणसं एकदम तिच्याकडे वळली. पांढऱ्या फळ्यावर एका उंच, सावळ्या तरुणाने अकरा मजली जहाज काढलं होतं.

"या, या... शेवटची खुर्ची तुमचीच वाट बघत होती," तो म्हणाला.

मागे फिरावं तर ती पळाली असं दिसलं असतं. आणि पळणं कल्पिताला कधी जमलंच नव्हतं. ती बसली.

त्याचं नाव सॅव्हियो. सहा वर्षं मोठ्या जहाजांवर नोकरी करून तो ठाण्याला घरी परतला होता आणि आता याच ट्रॅव्हल कंपनीत होता. कुटुंबकबिला घेऊन जहाजावर जाणाऱ्यांना तो चार गोष्टी समजावून सांगत होता. म्हाताऱ्यांची खोली जहाजाच्या मध्यावर घ्या, लिफ्टजवळ. तिथे हेलकावे कमी बसतात. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगा खोलीत पोचायला संध्याकाळ होते. समुद्रात फोन लागत नाही, तेव्हा चुकलात तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं. फिरायला एकत्र जा, पण दिवसभर एकत्र राहू नका. आजोबांना आजोबांचा दिवस द्या, मुलांना मुलांचा. जेवायला मात्र सगळे एका टेबलावर."

कल्पिताने हात वर केला. "ज्यांच्या बाबांना हे पटणार नाही, त्यांनी काय करायचं?"

"त्यांच्या मुलीने माझ्याकडे यायचं." सगळे हसले, तसा तो गडबडला. "म्हणजे... चौकशीला."

मग कल्पिता चौकशीला येऊ लागली. वर्तकनगरच्या दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती. काम संपलं की सरळ टेंभी नाका. कधी आजोबांच्या व्हीलचेअरचं विचारायला, कधी सान्वी या चार वर्षांच्या भाचीला पोहण्याच्या तलावात उतरू देतात का, ते विचारायला. पुढे पुढे प्रश्नांना काही धरबंधच राहिला नाही.

"जहाजावर सुके बोंबील चालतात?"

"खाल्ले तर चालतात. वास आला तर कप्तान येतो."

"आणि तू...? तू येतोस?"

"बोंबलांसाठी?" त्याने मान वर न करताच विचारलं.

"नाही रे..." ती म्हणाली. त्याने तेव्हा मान वर केली. उगाचच पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

त्या दिवशी तलावपाळीवर पाणीपुरी खाताना ती त्याला भिवाआजोबांबद्दल सांगत राहिली. उभा जन्म त्यांनी खाडीकाठच्या मिठागरात काढला होता. जमिनींना भाव आला, घरात गाड्या आल्या, पण म्हाताऱ्याने समुद्र आतून कधी बघितलाच नव्हता. ही सहल त्यांच्यासाठी होती.

"त्यांना पहाटे वरच्या डेकवर आण," सॅव्हियो म्हणाला. "चारही बाजूंना नुसतं पाणी... मी खुर्ची धरून ठेवतो."

"तू माझ्या आजोबांवर लाइन मारतोयस."

"सुरुवात मोठ्यांपासून करावी म्हटलं."

निघायला दोन आठवडे उरले होते, तेव्हा बाबांनी जेवताना सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "अकराचे पंधरा झालोय आपण. कल्याणचे पाटील येतायत. त्यांचा हर्षित, त्याची बहीण, आईवडील. जहाजावरच तुमचं लग्न जाहीर करून टाकू. केक सांगितलाय."

"मला विचारलं कोणी?"

"तिकडे गेल्यावर बोलू."

तिने सॅव्हियोला सांगितलं, तेव्हा त्याने हातातली ग्रुपची यादी बाजूला ठेवली. ग्रुपबरोबर मॅनेजर म्हणून तोच जाणार होता.

"एक टीप दे ना," ती म्हणाली. "पंधरा माणसांत नाही कसं म्हणायचं?"

"त्याची टीप नाहीये माझ्याकडे, कल्पिता. आणि मी... मी सांगितलं तर ते माझ्या सोयीचं होईल. तुझं तू ठरव."

तिला राग आला. आणि त्याच क्षणी तो जास्तच आवडला.

जहाज मुंबईहून सुटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला वरच्या डेकवर टेबलं जोडून चहा मांडला होता. वारा सुटला होता, कागदी रुमाल उडत होते. केकवर गुलाबी अक्षरांत दोन नावं होती — कल्पिता आणि हर्षित. बाबा उभे राहिले, घसा खाकरला. "तर मंडळी, आज..."

"बाबा, मी हे लग्न करणार नाही."

हातातले कप हातातच राहिले. सान्वी तेवढी केकवरचं क्रीम बोटाने चाटत होती.

"खाली खोलीत चल," बाबा दबक्या आवाजात म्हणाले.

"नाही. ठरवलंत सगळ्यांसमोर, मग ऐकाही सगळ्यांसमोर. हर्षितमध्ये काही खोट नाही. पण माझं सॅव्हियोवर प्रेम आहे."

सॅव्हियो चार पावलांवर याद्यांची फाइल घेऊन उभा होता. त्याचा चेहरा उतरला. कल्पिताने त्याच्याकडे वळून बघितलं. "मी सगळ्यांसमोर सांगितलंय. तुझं काय, ते तूही सांग. नाही म्हणालास तरी माझं यांना नाहीच आहे."

"माझी नोकरी जाईल गं..." तो पुटपुटला. मग छातीवरचा कंपनीचा बिल्ला काढून त्याने फाइलवर ठेवला आणि टेबलाजवळ आला. "काका, माझंही हिच्यावर प्रेम आहे. आधी घरी येऊन सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

"जात सोड, धर्मसुद्धा आपला नाही!" बाबांचा आवाज चढला. "गाव काय म्हणेल?"

"गाव माझ्याबरोबर नांदायला येणार नाहीये, बाबा."

हर्षितची आई खुर्ची सरकवून उठली. हर्षित मात्र बसूनच म्हणाला, "आई, थांब ना. मलापण कुठे कोणी विचारलेलं?"

भिवाआजोबा इतका वेळ पाण्याकडे बघत होते. त्यांनी मान वळवली. "अरं, पोरीला आधी इचारला असतास, तं केक तरी वाया नसता गेला. बस खाली."

बाबा बसले नाहीत. कोणाकडेही न बघता ते लिफ्टकडे चालू लागले, आई त्यांच्यामागे. पाटील मंडळीही गेली. कल्पिता उभीच होती.

बाबांनी त्या दिवसापासून अबोला धरला. दुसऱ्या सकाळी नाश्त्याच्या हॉलमध्ये घरचे सगळे एका टेबलावर होते. सॅव्हियो दूर खिडकीशी एकटाच बसला होता. जहाजाच्या ऑफिसातून कंपनीला त्याने स्वतःच सगळं कळवलं होतं. उत्तर यायचं होतं. कल्पिताने दोन चहा घेतले, सगळा हॉल ओलांडला आणि त्याच्यासमोर जाऊन बसली.

"अजून विचार कर," तो हळूच म्हणाला. "पुढे सोपं नाहीये."

"सोपं हवं असतं तर काल केक कापला असता."

तो हसला. मग टेबलावर, चहाच्या कपांमधून, त्याने हात पुढे केला... घाबरत, अर्ध्यावर थांबत. उरलेलं अंतर तिने कापलं.

पलीकडून बाबा बघत होते. तिनेही त्यांच्याकडे बघितलं, आणि हात काढला नाही.