स्पीकरमधली घूं

"संध्याकाळी भंगारवाला येतोय," घड्याळजी म्हणाले. "त्याआधी काय ते सांगा, बाई."

वहिनी दमून खुर्चीत टेकल्या. गुप्तहेरीत त्यांचे गुडघे झिजले होते. सोबत आलेले त्यांचे दीर, भाऊजी, उभेच राहिले, कारण दुसरी खुर्ची नव्हती.

बायको गेल्यापासून म्हातारे घड्याळजी तिच्या गाण्याची एकुलती एक कॅसेट रोज लावत. हल्ली मात्र स्पीकर सतत घूं करायचा, गाणं त्यात बुडून जायचं. मेकॅनिकच्या दुकानात नेला तेव्हा मात्र स्पीकरचा ॲम्प्लिफायर जराही घूं करत नव्हता. जावई म्हणाला, मामंजींचे कानच गेले. म्हणून आता कॅसेटसकट सगळंच भंगारात जाणार होतं.

वहिनींनी कॅसेट थांबवायला लावली. घूं चालूच राहिली, आणि ती भाऊजींनाही ऐकू आली. मग त्या कण्हत वाकल्या. ॲम्प्लिफायरच्या मागे धुळीचा थर होता, पण रेकॉर्डिंगची वायर खोचायची जागा तेवढी पुसलेली होती. तिथून एक बारीक वायर कपाटामागून शेजारच्या खोलीकडे गेली होती.

जावयाने सरळच सांगितलं, ही खोली मोकळी झाली तर त्याला हवीच होती. भाऊजींनी 'हाच तो' अशा नजरेने वहिनींकडे पाहिलं.

शेजारच्या खोलीत घड्याळजींची मुलगी लॅपटॉपवर काम करत होती. बाबांच्या यंत्रातलं आपल्याला काही कळत नाही, म्हणाली. वहिनींनी स्वतःच्या फोनसाठी प्लग मागितला. तिने लॅपटॉपचा चार्जर काढला, आणि बाहेरच्या खोलीतली घूं थांबली.

"कावळा बसायला अन् फांदी मोडायला," भाऊजी पुटपुटले.

"कावळा नाही, चार्जर," वहिनी म्हणाल्या. त्यांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. "भाऊजींनाही ऐकू आलं, म्हणजे कान शाबूत. कॅसेट थांबवूनही आवाज होता, म्हणजे घूं फितीतली नाही. ॲम्प्लिफायर एका बोर्डावर, लॅपटॉप दुसऱ्या, आणि मधे ही वायर, त्यामुळे अर्थिंगचा फेरा पूर्ण होतो आणि विजेची घूं आत शिरते. दुकानात वायर नव्हती, म्हणून तिथे शांत. रेकॉर्डिंगच्या जागेत वायर कशाला घालतात? नक्कल करायला." त्या मुलीकडे वळल्या. "चोरून का गं?"

"बाबा कॅसेटला हात लावू देत नाहीत," ती म्हणाली. "रोज वाजवून फीत झिजलीय. आईचा वरचा सूर आता उमटतच नाही. ते लावायचे तेव्हा मी उतरवून घ्यायचे. पण माझ्या नकलेतही घूं यायची, म्हणून रोज पुन्हा करत होते."

जावयाने न सांगता लॅपटॉप बाहेर आणला आणि त्याचा चार्जर ॲम्प्लिफायरच्याच बोर्डावर लावला. स्पीकर गप्प राहिला.

"मीच झिजवली," घड्याळजी शेवटी म्हणाले. "आज शेवटची लावतो. नीट उतरव."

आणि त्यांनी बटण दाबलं.