सातवं-आठवं पान

हंगेरीच्या सीमानाक्यावरच्या खिडकीत पासपोर्ट उघडला आणि त्यातून एक पान गळून पडलं.

पान कोरं होतं. पंचवीस-सव्वीस क्रमांकाचं. खिडकीतल्या पोलिसाने ते दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं, पासपोर्ट उलटा करून झटकला आणि मग अंगठ्याने एकेक पान मोजलं. सात-आठ जागेवर नव्हतं. त्याने एक चिठ्ठी खरडली आणि अख्खी व्हॅन माघारी पाठवली.

वीस मिनिटांनी ती व्हॅन सर्बियाच्या बाजूला, इन्स्पेक्टर रूझा पेर्चिचच्या खोलीसमोर उभी होती. आत बावन्न वर्षांची दोब्रिला केकिच उभी होती. बसायला सांगितलं तरी बसत नव्हती.

"मी नाही फाडलं."

"इथे आलेल्या कुणीच आजवर काही फाडलेलं नाही," रूझा म्हणाली. "बसा."

चिठ्ठीत लिहिलं होतं: *धारकाने जादा मुक्काम लपवण्यासाठी पान फाडले.* रूझाच्या वरिष्ठांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की तेच वाक्य आपल्या भाषेत लिहून मोकळी हो.

ते वाक्य लिहिलं की दोब्रिलाचं काय होणार, हे खोलीतल्या दोघींना माहीत होतं. स्वतः पासपोर्ट फाडला म्हणून खटला, आणि खटला मिटेपर्यंत नवा पासपोर्ट नाही. म्हणजे कित्येक महिने. ऑस्ट्रियात लिंत्सला फ्राउ लाइटनर नावाच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीजवळ आज संध्याकाळी आठला तिने पोचायचं होतं. आठ वाजता म्हातारीचा मुलगा कामाला निघणार होता. दोब्रिला गेली नाही तर तो दुसरी बाई बघणार. सहा वर्षांची जागा गेली.

उलट पान दुसऱ्या कुणी फाडलं असेल, तर तातडीचा पासपोर्ट अठ्ठेचाळीस तासांत मिळतो.

"किती राहिलात मागच्या वेळी?"

"डिसेंबरच्या सुरुवातीला गेले. फेब्रुवारी संपता संपता परत. नव्वदच्या आत दिवस. मॅडम, मला स्वतःच्या पोरांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण हे दिवस आठवतात."

रूझाला ते खरं वाटलं. सर्बियाच्या माणसाला पलीकडे जायला व्हिसा लागत नाही. फक्त कुठल्याही एकशेऐंशी दिवसांत नव्वदच्या वर राहायचं नाही. म्हणून या बायका जोडीने काम करतात. एक तीन महिने म्हातारी सांभाळते, दुसरी घरी कोंबड्या सांभाळते, मग अदलाबदल. कागदावर सगळ्या नातेवाइकांना भेटायला जातात. एवढं नातेवाइकांवर प्रेम करणारा देश दुसरा नसेल.

"तुमची जोडीदारीण?"

"स्मिल्का. माझी जाऊ. मार्चपासून ती होती तिथे. आज सकाळीच परत आली. नाक्याच्या कॉफीच्या टपरीवर भेटलो, तिने औषधांचा कागद दिला. अजून तिथेच असेल, गावच्या गाडीची वाट बघत."

रूझाने पासपोर्ट पुन्हा उघडला. डिसेंबरचा शिक्का सहाव्या पानावर होता. चौकोनी, आत येणारा बाण. बाहेर पडल्याचा शिक्का सातव्यावर असणार. तोच नव्हता.

तिने ड्रायव्हरला बोलावलं. झार्को आत आला तो भांडणाच्या तयारीनेच.

"माझी सकाळ गेली, मॅडम. बाकीचे सात जण माझ्या नावाने खडे फोडतायत. या बाईला उतरवा आणि मला सोडा."

"पासपोर्ट कुणी गोळा केले?"

"मी. तुमच्या खिडकीच्या आधी. रबर लावून समोर काचेपाशी ठेवले, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

"त्याआधी हिचा पासपोर्ट पाहिला होता?"

"गावातच पाहिला, सकाळी सहाला. दोन वर्षांपूर्वी एकीने दिवस जास्त काढलेले, तिच्यापायी मला चार तास उन्हात बसवलं होतं त्या लोकांनी. तेव्हापासून मी शिक्के मोजल्याशिवाय कुणाला पायरीवर पाय ठेवू देत नाही. हिचा फेब्रुवारीचा शिक्का होता. गोल कोपऱ्याचा, बाहेरचा बाण. या डोळ्यांनी पाहिला."

"हिच्याशी तुमचं काही वाकडं?"

"आहे ना. मी सिगरेट ओढतो म्हणून मालकाकडे तक्रार करते दर वेळी." त्याने दोब्रिलाकडे पाहिलंसुद्धा नाही. "पण तिचा सूड म्हणून मी माझीच गाडी परत पाठवीन? एवढा खुळा दिसतो?"

"थोडा दिसतोस," दोब्रिला म्हणाली.

"बघा, आता हिला बोलता येतंय."

रूझाने त्याला दाराशी उभं केलं आणि दोब्रिलाकडे वळली. "सहा ते नाका. मधल्या वेळात पासपोर्ट तुमच्या हातून सुटला?"

दोब्रिलाने विचार केला. "पर्स मांडीवर होती. फक्त टपरीवर… मी मोरीकडे गेले होते. पर्स टेबलावर ठेवली."

"कुणाच्या भरवशावर?"

"स्मिल्काच्या. आणि ती व्हेरित्सा होती बाजूला." नाव उच्चारताना तिचं तोंड कडू झालं.

दोघींना आणलं. व्हेरित्सा त्याच व्हॅनमधून व्हिएन्नाला निघाली होती. तगडी, पन्नाशीची, खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढून सोलणारी. स्मिल्का बारीक, नीटनेटकी, बॅग छातीशी धरून. दोघींचे पासपोर्ट रूझाने मागून घेतले.

व्हेरित्साचा पासपोर्ट म्हणजे शिक्क्यांचा उकिरडा होता, एकावर एक, आडवेतिडवे. शेवटचा या मेच्या तीन तारखेचा, बाहेर. हिशेबाने अजून चाळीस दिवस शिल्लक. स्मिल्काचा तिच्यासारखाच नीटनेटका होता, एका पानावर चार शिक्के, ओळीत. शेवटचा पाच डिसेंबरचा, बाहेर. रूझाने दोन्ही मिटून टेबलावर ठेवले.

"व्हेरित्सा, तुम्हाला हिची जागा हवी होती?"

"हवी होती. गेल्या वर्षी म्हातारीच्या पोराला फोन करून विचारलंसुद्धा. चोरी आहे का?"

"मला न सांगता," दोब्रिला म्हणाली.

"तुला सांगून केला असता तर तू टाळ्या वाजवल्या असत्यास?" व्हेरित्साने एक साल थुंकलं, मग खोली कुणाची आहे हे आठवून उचललं. "मॅडम, मी तिच्या पर्सला हात नाही लावला. मी खायला बुरेक आणायला गल्ल्यावर उभी होते. रांगेत. विचारा टपरीवालीला."

"स्मिल्का, तुम्ही?"

"मी टेबलाशीच होते." आवाज मऊ होता. "पण मला यातून काय मिळणार, मॅडम? माझे नव्वद आज भरले. मला तर आता तीन महिने पाऊल टाकता येणार नाही. ही गेली नाही तर जागा दोघींची जाते. माझीही."

झार्को दारातून म्हणाला, "हे बरोबर आहे. मग ही बिया खाणारीच."

"तुझ्या तोंडात बिया कोंबीन," व्हेरित्सा म्हणाली.

रूझाने फोन उचलला आणि पलीकडच्या नाक्यावरच्या अधिकाऱ्याला लावला. आवाज मोठा केला. ती सीमेजवळच्या सुबोतित्साची, हंगेरियन भाषा तिला घरचीच. तिने विचारलं, या बाईची फेब्रुवारीची नोंद तुमच्याकडे निघते का बघाल?

तो हसला. हंगेरियनमध्ये म्हणाला, कागदावर नाही ते आमच्या लेखी नाही. आणि पुढे आणखी एक वाक्य बोलला, या सर्बियन कामवाल्यांबद्दल, इथे लिहिण्यासारखं नाही असं. फोन ठेवला.

"काय म्हणाला?" दोब्रिलाने विचारलं.

"हो, काय म्हणाला?" व्हेरित्सानेही.

स्मिल्काने काही विचारलं नाही. तिचे कान लाल झाले होते.

रूझा उठली, खिडकीशी गेली, परत आली. व्हॅनमधले लोक खाली उतरून झार्कोच्या नावाने ओरडत होते. तिने खुर्ची ओढली.

"दोब्रिलाबाई, तुम्ही फाडलेलं नाही. हे मी लिहिणार आहे."

दोब्रिला पहिल्यांदा बसली.

"जादा मुक्काम लपवायचा असता तर बाईने आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा, दोन्ही शिक्के घालवले असते. इथे आत आल्याचा ठेवलाय आणि बाहेरचा घालवलाय. म्हणजे कागद म्हणतो, डिसेंबरात आत गेली ती कधी निघाली देव जाणे. याहून वाईट पासपोर्ट बनवता येत नाही. सहा वर्षं दिवस मोजून पोट भरणारी बाई स्वतःचा गळा असा कापणार नाही. हे दुसऱ्या कुणीतरी केलं, आणि ज्याला कुठलं पान नेमकं काढायचं ते कळतं अशाने."

"मग चोरायचा ना सरळ," झार्को म्हणाला.

"चोरला असता तर टपरीवरच बोंब झाली असती. झडत्या झाल्या असत्या. एक पान गेलं तर आमच्या खिडकीत कळत नाही, आम्ही फोटो बघून सोडतो. कळणार पलीकडे. आणि पलीकडचे काय म्हणणार ते सगळ्यांना पाठ आहे. हिनेच फाडलं. गावात जाऊन दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला जागाच नाही." रूझाने गळालेलं कोरं पान वर धरलं. "एकच चुकलं. पासपोर्ट मधोमध शिवलेला असतो. सात-आठ आणि पंचवीस-सव्वीस हा एकच कागद, दुमडलेला. अर्धा ओढून काढला की उरलेला अर्धा सुटतो."

"पण कुणी?" दोब्रिला.

"व्हेरित्साकडे चाळीस दिवस आहेत. तेवढ्यासाठी कोण कायमची जागा देईल? आणि ती दिवस मोजणाऱ्यांतली नाही, पासपोर्ट बघा तिचा." व्हेरित्साने राग मानायचा की आभार, हे ठरवायला बी तोंडात टाकली. "राहिल्या स्मिल्काबाई. त्या म्हणतात, मला परत जाता येत नाही. हे खरं असतं तर मी त्यांना केव्हाच गाडीत बसवून दिलं असतं. स्मिल्काबाई, मार्चमध्ये आत गेलात ना?"

"हो."

"आज सकाळी बाहेर आलात?"

"हो."

"मग शिक्के कुठे आहेत?"

खोलीत बियांचा आवाज थांबला.

"तुमचा शेवटचा शिक्का पाच डिसेंबरचा. मार्चचा नाही, आजचा नाही. आपल्या खिडकीत आपण आपल्या माणसाचे शिक्के बघत नाही, म्हणून सकाळी कुणाच्या लक्षात आलं नाही. पण हंगेरियन माणूस सर्बियन पासपोर्टवर शिक्का मारल्याशिवाय सोडत नाही. तो फक्त एकाच प्रकारच्या माणसाला शिक्क्याविना सोडतो. त्याच्याच देशाच्या."

स्मिल्काने बॅग आणखी घट्ट धरली.

"आजी किंवा पणजी हंगेरियन असेल तर तिकडच्या नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. भाषा यावी लागते, ती शिकलात. मग नव्वद दिवसांचं बंधनही उरत नाही. मघाशी तो काय बोलला, हे इथे दोघींनाच कळलं. मला आणि तुमच्या कानांना. बॅग उघडा."

"नाही उघडणार."

"मग मी उघडते, साक्षीदार आहेतच."

अस्तराच्या आत गडद लाल पासपोर्ट होता, हंगेरीचा, जानेवारीत काढलेला. त्याच्या मधोमध, घडी घालून, सातवं-आठवं पान. टपरीवर टाकून द्यायला जागा नव्हती, आणि हा पासपोर्ट कुणी पाहणारच नव्हतं.

दोब्रिलाने ते पान उलगडलं. गोल कोपऱ्याचा शिक्का, बाहेरचा बाण, अठ्ठावीस फेब्रुवारी.

"जानेवारीपासून," ती म्हणाली. "एका अंगणात राहतो आपण, जाऊबाई. मला सांगितलं असतंस तर?"

"सांगून काय? सासूबाईंनी म्हटलं असतं, थोरलीच्या ताटातलं ओढतेस. तुझ्या ताटातलं. नेहमी तुझ्याच." स्मिल्काचा मऊपणा गेला होता. "तुला माहितेय ती म्हातारी मला काय हाक मारते? दोब्रिला. मी घास भरवते, मी अंग पुसते, रात्री दहा वेळा उठते, आणि ती आभार मानते, डांके, दोब्रिला. तीन वर्षं. मला नव्वद दिवस नकोच होते. मला इतके दिवस हवे होते की तिला माझं नाव पाठ होईल."

 

रूझाने अहवाल लिहिला. दोन पानांचा. मग तक्रारीचा कागद दोब्रिलासमोर सरकवला. "इथे सही. मग पुढचं आम्ही बघतो. तुमचा पासपोर्ट परवा दुपारपर्यंत होईल."

दोब्रिलाने पेन घेतलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"आठला तो मुलगा निघेल. आज आणि उद्या तिला कोण बघणार?"

"ते तुमचं काम नाही आज."

"मग कुणाचं?" ती उठली आणि स्मिल्कासमोर जाऊन उभी राहिली. उंचीने ती जावेपेक्षा हातभर जास्त होती. "हिला आता अडवता येतं का, मॅडम?"

"तक्रारीवर सही नसेल तर नाही. कागद आहेत तिच्याकडे."

"मग हा कागद परवापर्यंत तुमच्या खणात राहू दे. परवा संध्याकाळी मी लिंत्सला पोचेन. दार उघडून हिने मला आत घेतलं, तर सहीचं आपण बघू. नाही घेतलं, तर तिथूनच तुम्हाला फोन." तिने झार्कोला हाक मारली. "माझी जागा हिला दे. खिडकीजवळची. आणि गाडीत सिगरेट ओढ खुशाल, आज मी नाही."

"जागा तुझी, सामान हिचं," झार्को पुटपुटला, पण दार उघडलं.

स्मिल्का हलली नाही. "मला तुझे उपकार नकोत."

"उपकार कोण करतंय? मला तू डोळ्यांसमोर नको आहेस, आणि तिला झोपण्याआधी सूप लागतं." दोब्रिलाने तिची बॅग उचलून तिच्या हातात कोंबली. "दोन दिवस. आणि तिने दोब्रिला म्हणून हाक मारली, की ओ द्यायची."